वाट्या फिरतात, आकडा हलत नाही: वाऱ्याच्या उपकरणांचे नेहमीचे बिघाड

बाहेर चांगला वारा सुटलेला असतो, वाट्या गरगर फिरताना दिसतात आणि स्क्रीनवर शून्य. किंवा नेमकं उलटं: झाडाचं पान हलत नाही आणि उपकरण वादळ दाखवतंय. वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजणाऱ्या उपकरणांच्या दुरुस्तीत हे प्रकार इतके नेहमीचे आहेत की समोरचा तक्रार सांगायला लागला की दोष कुठे असेल याचा अंदाज यायला लागतो. बहुतेक जण मात्र लगेच नवा सेन्सर मागवतात, नाहीतर शिडी काढतात. दोन्हीची घाई नको. खांबाच्या टोकाला असलेला सेन्सर सहसा ठणठणीत असतो. गडबड असते सेटिंगमध्ये, कनेक्टरमध्ये किंवा केबलच्या जोडात, आणि ती जमिनीवर उभं राहून साध्या मल्टिमीटरनं पकडता येते.

खाली मुख्यतः वाऱ्याचा वेग मोजणारा तीन वाट्यांचा अ‍ॅनिमोमीटर आणि शेपटीवालं दिशादर्शक पातं यांच्याबद्दल लिहिलंय. अल्ट्रासॉनिकबद्दल (ध्वनीच्या लहरींनी वारा मोजणारं उपकरण) शेवटी थोडं.

आधी लक्षण नीट ओळखा

"चालत नाही" एवढ्यावर काहीच ठरत नाही. खालच्यापैकी नेमकं काय होतंय ते बघा:

- वाट्या फिरतात, वेग शून्य. कनेक्शन तुटलंय, रीड स्विच (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा साधा संपर्क) गेलाय, किंवा वाट्या दांड्यावर सैल होऊन नुसत्याच फिरतायत.
- मंद वाऱ्यात शून्य, जोराच्या वाऱ्यात आकडा जवळपास बरोबर. बेअरिंग जड झालंय.
- सगळेच आकडे एकाच पटीत कमी किंवा जास्त. ही सेटिंगची चूक. हार्डवेअरला हात लावू नका.
- शांत हवेत अचानक अचाट आकडे. केबलमध्ये गोंगाट (बाहेरून शिरलेले विजेचे नको असलेले संकेत), ओल किंवा संपर्काची थरथर.
- जोराच्या वाऱ्यात आकडा एका मर्यादेला जाऊन अडकतो. लॉगरमधला (नोंदी घेणाऱ्या यंत्रातला) डीबाउन्सचा वेळ, म्हणजे एका ठोक्यानंतर पुढचा न मोजण्याचा वेळ, जास्त ठेवलाय.
- दिशा एकाच ठिकाणी चिकटलीय, काही दिशा कधीच दिसत नाहीत, किंवा सगळ्या दिशा ठरावीक अंशांनी सरकल्यात.
- पावसात बिघडतं, ऊन पडलं की आपोआप सुधारतं. जोडात पाणी. याला दुसरं कारण मी क्वचितच पाहिलंय.

शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं. माणूस बघायला येतो तेव्हा ऊन असतं, सगळं चालू असतं, आणि "ठीक आहे की!" म्हणून तो परत जातो. म्हणून किमान आठवडाभराचा आलेख काढा आणि त्यावर पावसाच्या आणि दवाच्या वेळा टाकून बघा.

१. बिघाड खरंच आहे का?

यात खर्च शून्य, म्हणून हे पहिलं. झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत, हलका झेंडा फडफडत ताठ होतोय, तर बोफर्ट मापपट्टीवर ती ३ नंबरची हवा: साधारण १२ ते १९ किमी/तास. धूळ आणि कागद उडायला लागले, लहान फांद्या हलल्या, की ४ नंबर: २० ते २८. डोळ्यांचा हा अंदाज ढोबळ आहे, पण उपकरण ५ दाखवतंय आणि बाहेर कागद उडतायत, एवढं समजायला पुरतो.

जवळच्या विमानतळाच्या अहवालाशी तुलना करणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथला वेग बहुतेक ठिकाणी नॉटमध्ये असतो (१ नॉट म्हणजे १.८५२ किमी/तास), आणि तो उघड्या मैदानात १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. तुमचं उपकरण २ मीटरवर असेल तर सपाट मोकळ्या जागेतसुद्धा ते साधारण पाचव्या हिश्शानं कमी दाखवणार. जमिनीच्या घर्षणानं खालचा वारा मंदावतो, त्याला उपकरण काय करणार? शेजारी भिंत किंवा झाड असेल तर हिशोबच सोडा. जागतिक हवामान संघटनेची शिफारस अशी की अडथळा जितका उंच असेल त्याच्या किमान दहापट अंतरावर उपकरण असावं. ५ मीटर उंचीच्या झाडापासून ५० मीटर. घराच्या छतावर हे कुणालाच जमत नाही, पण मग एकाच दिशेचा वारा कायम कमी आला तर तो बिघाड म्हणून शोधत बसू नये. एकाच दिशेला कमी, बाकी सगळीकडे ठीक, हा अडथळ्याचा पुरावा आहे. सेन्सर दिशा बघून बिघडत नाही.

२. सेटिंग

तुमचा आकडा आणि खरा आकडा यांचा भागाकार करा. उत्तर ३.६ च्या आसपास आलं तर मीटर/सेकंद आणि किमी/तास यांची गल्लत. १.८५ आलं तर नॉट आणि किलोमीटर. १.६ म्हणजे मैल आणि किलोमीटर. नेमके २ किंवा अर्धे आले तर एका फेरीला किती पल्स (वाट्या फिरताना सेन्सर देतो ते विजेचे ठोके) धरायच्या ते चुकलंय.

याहून किचकट गोष्ट म्हणजे गुणक: सेकंदाला एक पल्स आली तर किती वेग धरायचा तो आकडा. प्रत्येक मॉडेलचा गुणक वेगळा. घरगुती हवामान केंद्रांत खूप वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारात सेकंदाला एक पल्स म्हणजे २.४ किमी/तास. तितक्याच प्रचलित दुसऱ्या प्रकारात सेकंदाला एक पल्स म्हणजे २.२५ मैल/तास, म्हणजे ३.६२ किमी/तास. दुसऱ्या प्रकारचा सेन्सर लावून पहिल्याचा गुणक ठेवला की वारा कायम एक तृतीयांशानं कमी दिसणार. सेन्सर बदलल्यावर किंवा लॉगरचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर तक्रार सुरू झाली असेल तर इथूनच सुरुवात करा. अपडेटनंतर गुणक मूळ पदावर गेलेला सापडतो.

सरासरीचा काळही बघा. १० मिनिटांची सरासरी दाखवायला लावलंय आणि वारा आत्ता सुटलाय, तर आकडा हळूहळूच चढणार. झोत वेगळा, सरासरी वेगळी. झोत म्हणजे रूढ व्याख्येप्रमाणे ३ सेकंदांच्या सरासरीतला सगळ्यात मोठा आकडा.

दिशेच्या सरासरीत एक जुनाट खोट असते, ती घरी बनवलेल्या लॉगरमध्ये हमखास सापडते. वारा उत्तरेकडून येतोय, पातं ३५० आणि १० अंशांत झुलतंय. या दोन आकड्यांची सरळ सरासरी काढली तर १८०, म्हणजे थेट दक्षिण! पातं, केबल, लॉगर सगळं चांगलं असतं, गणित चुकलेलं असतं. प्रत्येक नोंदीचे साइन आणि कोसाइन वेगवेगळे जमवून त्यांवरून कोन काढायचा, म्हणजे प्रश्न मिटतो. उत्तरेचा वारा असतानाच दिशा वेडीवाकडी होत असेल तर पहिला संशय यावर घ्या.

३. बॅटरी

हे लवकर उरकतं. वायरलेस असेल तर सेल बदला, सौर पट्टी पुसा. रात्री किंवा पहाटे नोंदी तुटतात आणि दुपारी पूर्ववत होतात, तर सेल थंडीत मान टाकतायत. व्होल्टेज मोजायचं तर पहाटेच मोजा.

४. लॉगरच्या टोकाला मल्टिमीटर

खरी दुरुस्ती इथे होते. यंत्रणेचे दोन तुकडे करायचे: एकीकडे सेन्सर आणि केबल, दुसरीकडे लॉगर. दोष कुठल्या तुकड्यात आहे हे पाच मिनिटांत कळतं.

आधी लॉगर तपासा. अ‍ॅनिमोमीटरचा कनेक्टर काढा. वाट्यांखाली रीड स्विच असलेला प्रकार असेल, तर लॉगरच्या दोन पल्स टर्मिनलना वायरचा छोटा तुकडा सेकंदाला एकदा असा टकटक लावा. कुठली टर्मिनलं ते पुस्तिकेत बघून घ्या, पॉवरच्या टर्मिनलवर हे करू नका. २.४ गुणकाच्या लॉगरवर सेकंदाला एक टक दिली तर आकडा २.४ च्या जवळ यायला हवा, दोन दिल्या तर ४.८. हातानं दिलेल्या टकेत संपर्क थरथरतो, त्यामुळे आकडा थोडा जास्त आला तरी चालेल. आला म्हणजे लॉगर जिवंत आहे. शून्यच राहिला तर वर चढून काहीही हाती लागणार नाही.

आता केबलच्या बाजूनं बघा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप वाजते त्या सेटिंगवर) ठेवून कनेक्टरच्या दोन पिनांना लावा. वारा असेल तर बीप तुटक-तुटक वाजली पाहिजे: वाजली, थांबली, वाजली. तीन शक्यता:

तुटक बीप येते: सेन्सर आणि केबल दोन्ही चांगले. कनेक्टर साफ करून परत लावा, बहुधा काम झालेलं असेल.

सतत बीप: केबल कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा रीड स्विच चिकटलाय.

बीपच नाही: केबल तुटलीय, स्विच गेलाय, किंवा वाट्यांबरोबर चुंबक फिरत नाही.

बीप येत नसेल तर मीटर मोठ्या ओहमच्या रेंजवर न्या. स्विच उघडा असताना रेझिस्टन्स मोजता येऊ नये इतका मोठा असायला हवा. तिथे काही लाख ओहमचा आकडा दिसला आणि तो हळूहळू सरकत राहिला, तर समजा जोडात ओल आहे. कोरडी केबल असा आकडा देत नाही.

इन्सुलेशन तपासायचा ५०० व्होल्टचा मेगर मात्र इथे लावू नका. सेन्सर किंवा लॉगर जोडलेला असताना लावलात तर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जागीच जातं. आणि काही अ‍ॅनिमोमीटरमध्ये स्विच नसतोच. फिरणारा चुंबक गुंडाळीत स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो. त्यांना बीपची चाचणी लागू नाही. मीटर एसी व्होल्टवर किंवा हर्ट्झवर ठेवा, वाऱ्याबरोबर आकडा वर-खाली झाला की सेन्सर ठीक.

५. पात्याचा रेझिस्टन्स काय सांगतो

दिशेची तक्रार असेल तर हा भाग सावकाश वाचा. इथे अर्धा तास दिला तर पुढचे अनेक फेरे वाचतात.

पाती दोन जातींची. एका जातीत आत पोटेन्शिओमीटर असतो. पातं सावकाश फिरवलं की रेझिस्टन्सही सलग चढत जातो आणि उत्तरेच्या खुणेजवळ एकदम शून्याला येतो. त्या सांध्यापाशी काही अंशांचा मुका पट्टा असतो, तो बिघाड नाही. पण मध्येच कुठे आकडा उडाला किंवा गायब झाला तर तिथला कार्बनचा थर घासलाय. जिथून वारा जास्त येतो त्याच दिशेला तो आधी घासतो.

दुसऱ्या जातीत आठ रीड स्विच आणि आठ वेगवेगळे रेझिस्टर असतात. चुंबक कधी एक, कधी शेजारचे दोन स्विच बंद करतो, म्हणून आठांतून सोळा दिशा निघतात. सगळ्यात प्रचलित मॉडेलचे मुख्य आकडे असे: उत्तर ३३ किलोओहम, ईशान्य ८.२, पूर्व १, आग्नेय २.२, दक्षिण ३.९, नैऋत्य १६, पश्चिम १२०, वायव्य ६४.९. मधल्या दिशांपैकी पूर्व-ईशान्य ८९१ ओहम आणि पूर्व-आग्नेय ६८८ ओहम.

या यादीत निदानच लपलंय. पश्चिमेचा आकडा सगळ्यात मोठा, पूर्वेकडचे सगळ्यात लहान. जोडात पाणी शिरलं की दोन तारांमध्ये जणू आणखी एक रेझिस्टर समांतर लागतो. समजा ओलीचा रेझिस्टन्स १०० किलोओहम आहे. पश्चिमेचे १२० आता सुमारे ५४.५ दिसतील, आणि लॉगर ते वायव्य म्हणून नोंदवेल. पूर्वेच्या १ किलोओहमला मात्र काही फरक पडणार नाही. म्हणून पावसात पश्चिमेचा वारा गायब होतो आणि पूर्वेचा टिकतो.

गंजलेल्या किंवा सैल जोडाचं उलटं. तिथे रेझिस्टन्स मालिकेत वाढतो. २०० ओहमची भर पडली तर पश्चिमेच्या १२० किलोओहमला ती कळतही नाही, पण पूर्व-आग्नेयचे ६८८ ओहम ८८८ होतात आणि लॉगर ते पूर्व-ईशान्य समजतो. वारा आग्नेयेच्या अंगाचा, नोंद ईशान्येच्या अंगाची.

थोडक्यात: मोठ्या रेझिस्टन्सच्या दिशा चुकतायत तर ओल शोधा, लहान रेझिस्टन्सच्या चुकतायत तर गंज शोधा. एखादीच मुख्य दिशा कायम गायब आणि तिच्या दोन्ही शेजारच्या मधल्या दिशाही कधी येत नाहीत, तर तो एक रीड स्विच मेलाय. तुमच्या मॉडेलचे आकडे वेगळे असले तरी तर्क हाच. पुस्तिकेतला तक्ता छापून लॉगरच्या डब्यात चिकटवून ठेवा.

६. केबल आणि जोड

आता केबल खालून वरपर्यंत नजरेनं बघत जा. उंदरांनी कुरतडलेली, उन्हानं तडकलेली, केबल टायनं आवळून चेपलेली, खांबाच्या तोंडाशी घासलेली. जोड कुठे असतील तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसेल. ती उघडा. चिकटपट्टी पाणी अडवत नाही, शिरलेलं पाणी आत धरून ठेवते. आतलं तांबं काळं पडलंय आणि पिनेवर हिरवट थर आहे, तर गुन्हेगार सापडला. पण नुसतं खरवडून भागत नाही. पाणी तारेच्या बारीक पदरांमधून केशाकर्षणानं पुढे सरकतं, त्यामुळे केबल थोडी थोडी कापत जा, जोवर लखलखीत तांबं दिसत नाही तोवर. मग झाळ द्या आणि आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा. केबल डब्यात शिरण्याआधी तिला खाली झुकलेला एक वळसा द्या, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जातं, कनेक्टरपर्यंत पोचत नाही.

गोंगाटाबद्दल. वाऱ्याचा मागमूस नाही आणि उपकरण रात्रभर १२० किमी/तास दाखवतंय, तेही स्थिर. बघणारा घाबरतो, पण त्या आकड्यातच उत्तर आहे: १२० भागिले २.४ म्हणजे ५०. सेकंदाला ५० पल्स, म्हणजे ५० हर्ट्झची घरगुती वीज केबलमध्ये शिरलीय. जिथे वीज ६० हर्ट्झची, तिथे १४४ दिसेल. खरा वारा कधी इतका एकसारखा वाहत नाही. सेन्सरची केबल विजेच्या तारेपासून लांब घ्या, आणि केबलला शील्ड (तारांभोवतीचं धातूचं वेष्टण) असेल तर ती फक्त लॉगरच्या टोकाला अर्थिंगला जोडा. दोन्ही टोकांना जोडली तर शील्डमधून प्रवाह वाहायला लागतो आणि गोंगाट वाढतो.

स्थिर आकडा नसून मध्येच एखादा उडालेला सुळका असेल तर रीड स्विचची थरथर बघा. बंद होताना स्विचची पट्टी क्षणभर थरथरते आणि लॉगर एकाच्या जागी दोन-तीन पल्स मोजतो. त्यावर सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्सचा वेळ असतो. पण तो उगाच वाढवू नका: ५० मिलिसेकंद ठेवले तर सेकंदाला २० हून जास्त पल्स मोजल्याच जाणार नाहीत, आणि २.४ गुणकावर वारा ४८ किमी/तासाला जाऊन छताला टेकेल. १० मिलिसेकंदांत बहुतेक ठिकाणी भागतं.

आणि मोठा आकडा दिसला की लगेच पुसूनही टाकू नका. १० एप्रिल १९९६ ला ऑलिव्हिया चक्रीवादळात ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ११३.२ मीटर/सेकंदाचा झोत नोंदला गेला, म्हणजे ४०८ किमी/तास. जागतिक हवामान संघटनेनं छाननी करून तो जागतिक विक्रम म्हणून मान्य केला २०१० मध्ये. कच्ची नोंद जपून ठेवलेली होती म्हणून छाननी होऊ शकली.

इथे थांबून विचार करा

आतापर्यंत सगळं जमिनीवरून झालं. पुढच्या तपासण्यांसाठी सेन्सर हातात यावा लागतो. आडवा पाडता येणारा खांब असेल तर दोन माणसांनी तो खाली घ्या. तसा नसेल, आणि शिडीवरून सुरक्षितपणे हात पोचत नसेल, तर इथेच थांबा आणि उंचीवर काम करायचं प्रशिक्षण असलेला माणूस बोलवा. खांब पडला तर विजेच्या तारेवर पडेल अशी जागा असेल, तर तो खाली घेण्याचा प्रयत्नही स्वतः करू नका. ढग गडगडत असतील तर खांबालाच काय, केबललाही हात लावायचा नाही. वाऱ्याचं उपकरण आसपासच्या सगळ्यात उंच जागी असतं, विजेला तेच आधी दिसतं.

७. वाट्या आणि बेअरिंग

सेन्सर हातात आला की घरात, पंखा बंद करून, वाट्यांना बोटानं हलकी फेरी द्या. त्या सावकाश मंदावत थांबल्या पाहिजेत. एकदम अडकून थांबल्या किंवा थांबताना किंचित मागे गेल्या तर आत कचरा किंवा गंज आहे. कानाजवळ धरून फिरवा; चांगलं बेअरिंग जवळजवळ गप्प असतं, खराब झालेलं वाळू चावल्यासारखं करकरतं. चांगले वाट्यांचे सेन्सर साधारण ०.५ ते १ मीटर/सेकंदाला फिरायला लागतात. बेअरिंग जड झालं की हा उंबरठा वाढतो, म्हणून आधी मंद वारा नाहीसा होतो.

वाट्या आणि बूड यांच्यामधल्या फटीत बघा. कोळ्याचं जाळं आणि पिसाचा तुकडा हे दोन पाहुणे नेहमीचे. मऊ ब्रश आणि साध्या साबणाचं पाणी पुरतं. गंज सोडवायचा स्प्रे किंवा तेल मारू नका. पहिले काही दिवस वाट्या सुरेख फिरतात, मग तेलावर धूळ बसून लगदा होतो आणि सेन्सर आधीपेक्षा वाईट अवस्थेत येतो. काही प्लास्टिकं त्या द्रावणानं तडकतातही.

वाट्यांना दांड्याशी पकडणारा बारीक स्क्रू घट्ट आहे का ते बघा. तो सैल असला की वाट्या डौलात फिरतात आणि आतला चुंबक जागच्या जागी. "वाट्या फिरतात, वेग शून्य" या तक्रारीचं हे सगळ्यात फुकट उत्तर.

वाटी फुटली असेल तर पूर्ण संच बदला, त्याच मॉडेलचा. दुसऱ्या मॉडेलच्या वाट्या बसल्या तरी लावू नका. १८४६ मध्ये चार वाट्यांचा अ‍ॅनिमोमीटर बनवणाऱ्या आयरिश खगोलशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांचा समज होता की वाटी लहान असो वा मोठी, ती वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगानंच फिरते. पुढे कळलं की हे प्रमाण वाटीच्या आकारावर आणि दांडीच्या लांबीवर ठरतं. वाटी बदलली की गुणक बदलला. फुटलेली वाटी चिकटवून काम भागवलेलं दिसतं, पण तोल गेलेल्या वाट्या बेअरिंग खातात.

बेअरिंग स्वतः बदलता येतं, घरगुती केंद्राला काही हरकत नाही. त्यानंतर कारखान्याच्या कॅलिब्रेशनचा कागद मात्र त्या सेन्सरला लागू राहत नाही.

८. उत्तर जुळवणं

सगळ्या दिशा सारख्याच अंशांनी चुकत असतील तर आडवी दांडी फिरलीय किंवा मुळात चुकीची बसवलीय. नेमका १८० अंशांचा फरक असेल तर बसवणाऱ्यानं टोक आणि शेपटी उलट धरलीत. वाऱ्याची दिशा म्हणजे वारा *जिथून* येतो ती. पात्याचं टोक वाऱ्याकडे तोंड करतं.

उत्तर लावताना मोबाइलचा होकायंत्र लोखंडी खांबाजवळ धरू नका, तो भलतंच दाखवेल. शिवाय होकायंत्राची उत्तर चुंबकीय असते. नोंदी खऱ्या उत्तरेवर ठेवायच्या असतात, आणि दोन्हींतला फरक जागेप्रमाणे बदलतो. त्यापेक्षा नकाशावर खांबापासून लांबच्या एखाद्या ठळक खुणेचा कोन काढा आणि पातं त्या खुणेकडे रोखून लॉगरमध्ये तोच कोन येतो का बघा.

अल्ट्रासॉनिक असेल तर

त्यात फिरणारं काही नाही. ध्वनी दोन टोकांमध्ये जायला किती वेळ लागतो यावरून ते वारा काढतं. म्हणून त्याचे शत्रू म्हणजे ट्रान्सड्यूसरवर (ध्वनी सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या टोकांवर) बसलेला पाण्याचा थेंब, जाळं आणि दांडीवर बसणारे पक्षी. मऊ ओल्या फडक्यानं पुसा, ट्रान्सड्यूसरवर जोर देऊ नका. मग त्यावर उलटी बादली घाला, चारी बाजूंनी हवा अडेल अशी. आकडा शून्याच्या अगदी जवळ यायला हवा. आला नाही तर उघडू नका, निर्मात्याकडे पाठवा. दांड्यांमधलं अंतर केसभर हललं तरी मापन बिघडतं, आणि ते घरी सुधारता येत नाही.

कधी स्वतः हात लावायचाच नाही

क्रेनवरचा, हेलिपॅडवरचा, विमानतळावरचा अ‍ॅनिमोमीटर. तिथे आकड्यावर माणसांचा जीव असतो. उपकरण बंद असेल तर काम थांबवायचं आणि अधिकृत तंत्रज्ञाची वाट बघायची. वायर शॉर्ट करून अलार्म गप्प करणं हा गुन्हा समजा.

पवनऊर्जेसाठी मोजणी चालू असेल तेव्हाही. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, त्यामुळे वेग १० टक्के कमी मोजला तर ऊर्जेचा अंदाज सुमारे २७ टक्क्यांनी खाली येतो. अशा सेन्सरला वाऱ्याच्या बोगद्यातलं कॅलिब्रेशन लागतं. पवनचक्क्यांसाठीचं मानक आहे आयईसी ६१४००-१२-१. घरी उघडलेला सेन्सर तिथे चालत नाही.

वीज पडून गेल्यावर लॉगरमधून जळका वास येतोय किंवा बोर्डावर काळा डाग दिसतोय, तरी थांबा. एक भाग बदलला की दुसरा जातो असं चक्र सुरू होतं, आणि अर्थिंगची तपासणी इलेक्ट्रिशियनकडून झाल्याशिवाय नवा लॉगर लावण्यात अर्थ नाही.

तंत्रज्ञाला बोलवाल तेव्हा त्याला चार गोष्टी आधीच कळवा: सेन्सरचं मॉडेल, टकटक चाचणीत लॉगरनं काय दाखवलं, कनेक्टर काढून केबलच्या टोकाला मोजलेला रेझिस्टन्स (कोरड्या हवेतला आणि पावसातला वेगवेगळा), आणि बिघाड दिसतो त्या दिवसांची कच्ची नोंद. एवढं हाती असलं की तो योग्य सुटा भाग घेऊनच निघतो.